दुसरीच्या दारातला हंडा

— न्हाई हो बाई, अक्षर आमच्या ह्यांचंच हाय सगळं. काही कागदांवर बारीक, एखाद्यावर ठसठशीत, एवढंच — माणूस सकाळी एक लिहितो, दमला की दुसरं लिहितो. तुमचं न्हाई बदलत? तुमी आधी नीट बसा तरी. पिरंगुटला एष्टीतनं उतरून दीड कोस चालत आलात, ते काय अक्षर बघायला? मला तर एकदा दिलेला कागद माघारी आला की धस्स होतं. आमच्या गावात कागद माघारी येतो तो कोर्टातनं न्हाईतर मोजणीवाल्यांकडनं, आणि कुठनंही आला तरी घरातलं कुणीतरी आठ दिवस धड जेवत न्हाई. तुमी पुण्याच्या संस्थेतल्या, हिंसा आणि समाज असा तो तुमचा अभ्यास — व्हय, आमचे हे सांगतात की मला. चाळीस गावं, आणि चाळीस गावांत कोण कुणाला कशानं मारतं ते सगळं छापील कागदावर. काठी, कुऱ्हाड, हात, इतर. 'इतर'मध्ये काय येतं हो? — बरं, नका सांगू. विचारायला तुमी आलाय, मी न्हाई.

घरात कुणी न्हाई, मी एकटीच. मामंजी नि सासूबाई भाताची जमीन भाजायच्या राबासाठी झाडांची कवळं तोडायला डोंगराला गेलेत, सांजेपर्यंत यायचे न्हाईत. आणि हे गेलेत नेऱ्याला, तिथली पाहणी राहिलीय ना. तुमाला ठाऊकच असंल, कुणाला कुठं धाडायचं ते तुमीच ठरवता. — ठाऊक होतं? म्हणजे ते घरात नसताना मुद्दाम आलात तुमी? बघा, मला वाटलंच. चप्पल काढतानाच तुमी विचारलंत, "जयसिंग हैबतराव घरी नाहीत ना?" घरी हायेत का, असं विचारतात बाई, न्हाईत ना असं न्हाई विचारत. — आता माझ्याही तोंडात नाव आलं. जाऊ द्या, ऐकायला कोण हाय.

मी सरळच विचारते, राग मानू नका. त्या जागेवर दुसरं कुणी बसवायचंय का तुमाला? कुणाचा भाचा, कुणाचा जावई? चैत्रात मुलाखत हाय ह्यांची. संशोधन सहायक. दोन वर्षं हंगामी म्हणून गावं तुडवलीत त्यांनी, कागद भिजू नयेत म्हणून स्वतः भिजलेत. ह्या तालुक्यातनं बी. ए. झालेले किती असतील, बोटं मोजा — आणि त्यांच्यातला असल्या कामाला एक. मोठ्या डॉक्टरसाहेबांनी त्यांना सांगितलंय, हे कागद तपासून बरोबर निघाले की तुमी कायम. मग पुढची पदवी, मग नावापुढं डॉक्टर. पुण्यात नाना पेठेत खोली बघून ठेवलीय. माझं लग्न झालं गेल्या वैशाखात, नवं राज्य झालं त्याच महिन्यात. तेव्हापासून मी त्या खोलीत मनातल्या मनात किती वेळा झाडू मारलाय, ते मला ठाऊक. म्हणून विचारते. तुमी ही लाल पेन्सिल घेऊन आलात ती कशासाठी?

— जास्त? काय जास्त? — बाकीच्या गावांत वर्षाला एक, दोन, कुठं तीन. आणि आमच्या गावात सदतीस. व्हय, मला माहीत हाय सदतीस हायेत ते... म्हणजे ह्यांनी सांगितलं होतं. आणि म्हणून तुमच्या संस्थेला वाटतंय की आकडे घरी बसून भरले? ओट्यावर तक्क्याला टेकून, पान खात, हिथं दोन घाल, तिथं तीन घाल? असं म्हणता व्हय. — तुमी न्हाई, संस्थेतले दुसरे कुणी म्हणतात. ते दुसरे कुणी म्हणजे भाच्याचे मामा असतील. बाई, खोटं लिहायचं असतं तर माणूस कमी लिहील की जास्त? स्वतःच्या गावाचं? शून्य लिहिलं असतं सगळीकडं तर तुमी आला असता का चालत? न्हाई ना. शून्याला कुणी लाल पेन्सिल लावत न्हाई.

आणि शून्यच होतं आधी. खरं सांगते. मार्गशीर्षात हे एकतीस घरं फिरून आले, हात-पाय धुतले, कागद मांडले नि मला म्हणाले, "बघ, आपलं गाव किती शहाणं हाय. एकाही घरात बाईमाणसावर हात उगारला जात न्हाई." मला हसू आलं. मी तशी बोलत न्हाई फारशी — सासूबाईंना विचारा, त्या म्हणतात, सून आणलीय का भिंत — पण हसू आलं ते आलं. मी म्हणलं, तुमी विचारलंत कसं? म्हणे, दारात उभा राहून, छापील होता तसा प्रश्न वाचला. दारात पुरुष उभा, ओट्यावर सासरा, उंबऱ्यात सासू, आणि हा वाचतोय, "गेल्या बारा महिन्यांत घरातील स्त्रियांना मारहाण झाली काय?" सासूच उत्तर देणार ना. ती म्हणणार, आमच्यात नसतं बाबा तसलं, चहा घे.

मग मी काय केलं — म्हणजे मी काही केलं न्हाई, मी फक्त सांगितलं... बाई, तुमी पेन्सिल खाली ठेवा बघू जरा. ठेवा. हां.

आता आकडे खोटे न्हाईत हे तुमाला पटवायचं तर मला सांगावंच लागेल. आमच्याकडं पाणवठा एकच, खालच्या विहिरीचा. दिवस उगवायला समद्या बायका तिथं. कोण आली न्हाई ते लगेच कळतं. जी आली न्हाई ती आजारी असली तर सासू बोंबलत येते, बाहेर बसलेली असली तर घरातली दुसरी येते. पण कधी कधी कुणीच येत न्हाई त्या घरातनं, आणि कुणी विचारतही न्हाई. त्या दिवशी मग तिच्या शेजारची जी असंल ती आपले हंडे नेऊन परत येते, दोन हंडे भरते, आणि त्या दारात नेऊन ठेवते. आत हाक मारायची न्हाई. आत बघायचं न्हाई. ठेवायचे नि माघारी फिरायचं. दुपारी रिकामे हंडे आपल्या ओट्यावर आलेले असतात, घासलेले. पंधरा दिवसांनी उलटं होतं. त्याचं कुणी बोलत न्हाई, पण प्रत्येकीच्या ध्यानात असतं. मला लग्नानंतर महिन्याभरात कळलं. कासारसाईला, माझ्या माहेरी, असं न्हाई बघितलं मी — का तिथं मी पोरगी होते म्हणून दिसलं न्हाई, कोण जाणे.

तर मी बायकांना मार विचारलाच न्हाई. मी विचारलं, गेल्या वर्षात तू दुसरीच्या दारात हंडा किती वेळा ठेवलास? कुणाकुणाच्या? बाई, काय सांगू, बायका फुलून आल्या. स्वतःचं काही सांगायचं न्हाई, उलट आपण केलेलं सांगायचं. एकीनं तर वार सांगितले. मी कोरे कागद घेतले; ज्या घरी हंडा गेला त्या घराच्या कागदावर आकडा घालायचा, आणि जिनं नेला तिच्या कागदामागं बारीक लिहायचं, इतके दिले. सातवी पास हाय मी, कासारसाईहून सातवीला बसलेली एकटी पोरगी. बेरीज येते मला. म्हणून म्हणते, सदतीस खरे हायेत. उलट कमीच हायेत, कारण ज्यांच्या घरात दोन सुना असतात त्यांच्यात हंडा लागत न्हाई.

— व्हय. मी लिहिले. तीस कागद माझ्या हातचे हायेत. आता काय करायचं ते करा. पण असं कुठं लिहिलंय, की पाहणीवाल्याच्या बायकोनं लिहिलं तर ते खोटं?

काय म्हणालात? — निबंध? कुणी वाचला? — ह्यांनी. पौषात, संस्थेत, सगळ्यांसमोर. हंड्याचाच. मला सांगितलं न्हाई... म्हणजे सांगितलं असंल, माझं लक्ष नसंल. काय लिहिलंय त्यात? — "मी स्वतः तीन महिने पाणवठ्याजवळ बसून." स्वतः. पाणवठ्याजवळ. बाई, पुरुषमाणूस तीन महिने पाणवठ्याजवळ बसला असता तर त्याच्यावर निबंध दुसऱ्याच कुणी लिहिला असता. — न्हाई, तसं न्हाई, तुमी ते लिहून घेऊ नका. लांब बसले असतील. वर वडाखाली. दिसतं तिथनं. थोडं दिसतं. मोठ्या डॉक्टरसाहेबांनी उठून हात हातात घेतला? असा प्रश्न आजवर कुणाला सुचला न्हाई म्हणाले? असं म्हणाले व्हय. बरं झालं की. घरच्या माणसाचं नाव झालं तर माझंच झालं. तुमी माझ्याकडं असं का बघताय?

आता हा कुठला कागद काढलात? बारा नंबर. आमचा हाय तो, मामंजींच्या नावाचा. त्यावर शून्य हाय, मग त्याला काय झालं? शून्याला लाल पेन्सिल लावत न्हाईत म्हणलं ना मी. — बेरीज केलीत तुमी? दिलेल्यांची वेगळी नि आलेल्यांची वेगळी. बसून केलीत. मीच केलेलं मलाच शिकवायला आलात व्हय. दिलेले एक्केचाळीस, आलेले सदतीस. चार हंडे वाटेतच कुठं गेले, असं विचारताय.

सांडले असतील.

— हसू नका. न्हाई, तुमी हसत न्हाई, मला ठाऊक हाय.

साळूबाई म्हणून हाय, समोरच्या आळीतली. तिच्याकडं बसले होते लिहायला. ती जात्यावर, मी कागद घेऊन. म्हणाली, धोंडाबाईच्या दारात तीनदा, रत्नाबाईच्या एकदा, आणि तुझ्या दारात दोनदा. वर म्हणते कशी, "लिही की गं, पेन का थांबलं? का आपल्या घराचं लिहायचं न्हाई अशी तुझ्या नवऱ्याची सरकारी आज्ञा हाय?" जातं थांबवलं न्हाई तिनं. मी लिहिलं. मग दुसऱ्या दोघींनीही एकेकदा सांगितलं. झाले चार. बारा नंबरवर मी चार घातले, बाकीच्यांवर घातले तसेच, काही वेगळं अक्षर न्हाई काढलं. रात्री ह्यांनी ते बघितले. तो कागद फाडला, दुसरा कोरा घेतला, आणि शून्य घातलं. तीस कागद माझ्या हातचे, हा एकच त्यांच्या हातचा. पण साळूबाईच्या कागदामागचा आकडा बदलायचा राहिला त्यांचा. पाठीमागं बघायची सवय न्हाई त्यांना.

वाईट न्हाईत हो ते. मला वर्तमानपत्र आणून देतात. त्या चारांतल्या तीन वेळा काही ना काही कारण होतं, असं मला तेव्हा वाटायचं — म्हणजे ते सांगायचे, नि मला पटायचं. त्यानंतरचा मार ह्या कागदावरनं. फाडल्यावर मी म्हणलं, बेरीज जुळायची न्हाई. तेवढंच म्हणलं. दुसऱ्या दिवशी साळूबाईनं हंडे ठेवले. म्हणजे पाच झाले बघा. चार न्हाईत. पाचवा कुठंच लिहिलेला न्हाई, तोवर कागद बांधून झाले होते.

तुमी आता हे सगळं संस्थेत सांगणार. सांगितलंत तर ती जागा गेली, खोली गेली, आणि ज्या दिवशी ते घरी येतील त्या दिवसाचं मला वेगळं सांगायला नको. न्हाई सांगितलंत तर ह्या सगळ्या बायका खोट्या पडतील — तुमी सगळा गठ्ठाच बाद कराल, करणारच, बेरीज न जुळणारा कागद कोण ठेवील. साळूबाईनं जात्यावर बसून सांगितलेलं सगळं रद्दीत. — पेन्सिल कशाला उचललीत? की तुमीही आपल्या मनात मला मोजताय, 'इतर'मध्ये घालायची का 'हात'मध्ये?

एक विचारते. नाना पेठेतल्या त्या खोलीत नळ हाय, हे म्हणाले होते. खोलीतच, मोरीत. सकाळी चावी फिरवली की पाणी. मला किती आनंद झाला होता. तुमच्या वाड्यातही असंल. मग तिथं एखादी बाई सकाळी बाहेर आली न्हाई, तर कुणाला कळतं? — न्हाई कळत. बघा, तुमी मान हलवलीत. आलात तेव्हापासनं पहिल्यांदाच तुमी मला काही सांगितलंत.

द्या तो बारा नंबर. आणि पेन्सिल न्हाई, पेन द्या, शाईचं. शून्यावर एक रेघ, बाजूला पाच. माझ्या अक्षरात हाय, कुणी विचारलं तर सांगा की भरणारीनंच दुरुस्त केलंय. नाव पाहिजे? लिहा, बायजा. पाचवा साळूबाईच्या मागंही वाढवा, न्हाईतर पुन्हा चुकेल. सहा हायेत तिचे, सात करा.

न्हाई, तुमच्याबरोबर कुठं? मी कुठं येऊ? तुमच्याकडं सकाळी कोण बघणार हाय मी आले का न्हाई ते. मी हितंच बरी हाय. तुमी उठा आता. ते बांधावरनं येताना दिसतंय ते मामंजींचं पागोटं हाय, आज लवकर निघाले. पिशवी पदराखाली घ्या. मागच्या दारानं जा, गोठ्याच्या अंगानं. कुणी विचारलं तर सांगा, घरात कुणी नव्हतं.