उल्काबाई, रणगाडा आणि लाकडी पूल

आणि वर सूनबाई मलाच विचारतात, "बाबा, तुम्हाला मध्ये पडायला कुणी सांगितलं होतं?" कुणीच नाही. मला फक्त शुद्धलेखन तपासायला दिलं होतं.

तुम्हाला सांगतो, आमची नात चित्रकथा काढते, आणि विषय काय, तर महायुद्ध. तेही झालेलं नव्हे, संपलेलंच नाही असं महायुद्ध, ज्यात शत्रूनं राजधानी घेतली आहे, पुरुष सगळे कैदेत, आणि देश कुणाच्या खांद्यावर, तर उल्काबाईंच्या, ज्या दिवसा टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तारा जोडतात आणि पाळी संपली की रणगाडे उचलतात... आता मी शाळा सातवीत सोडली, मान्य, पण उभा जन्म युद्धांवर वाचत आलो. वाचनालयात मला 'सेनापती' म्हणतात, थोडं कुचेष्टेनं म्हणतात, पण म्हणतात. आणि ही पोरगी पहिल्या पानावर छापणार, 'युद्धविषयक सल्लागार : आमचे आजोबा'. म्हणजे चुका तिच्या, अब्रू माझी.

मी विचारलं, "या बाई उडतात, त्या कोणत्या इंधनावर?"

"आजोबा, ती महानायिका आहे."

"असतील. पण इंधन?"

स्वयंपाकघरातून सूनबाई, "बाबा, शुद्धलेखन."

अहो, शुद्धलेखनच तपासत होतो, पण डोळे काय फक्त वेलांट्यांवर ठेवायचे? नातीनं मुकाट्यानं उडणं खोडलं. पुढे पाहतो, तर बाईंनी तीस टनांचा रणगाडा डोक्यावर घेतलेला आणि निघाल्या लाकडी पुलावरून, बाजारातून पिशवी आणावी तशा. मी समासात लिहिलं, 'सदर पूल हे वजन पेलणार नाही.' एवढंच. सभ्य भाषेत.

पोर गुणी, ऐकते. दुसऱ्या दिवशी नवं पान माझ्यापुढे ठेवलं. पूल मोडलेला. पाण्यावर बुडबुडे, आणि एक हेडफोन तरंगतोय.

"हे काय?"

"संपली गोष्ट. तुमचं बरोबर होतं, आजोबा. उद्या छपाईला जाईल."

बरोबर होतं... तुम्हाला सांगतो, मला जेवण जाईना. ज्या बाईनं साऱ्या शहराचे निरोप पोचवले, तिला मी एका ओळीत बुडवली? म्हटलं, "अगं, उडून जाईल ती."

"उडणं तुम्ही काढायला लावलंत."

"मग पोहेल."

"तीस टन डोक्यावर घेऊन?"

"टाकून देईल रणगाडा."

"खाली होड्यांत मुलं आहेत."

ही मुलगी कुणावर गेली आहे, कळत नाही. म्हणजे कळतं, पण सूनबाई ऐकत होत्या.

शेवटी म्हटलं, "उडव तिला."

"इंधन?"

"ते मी बघतो. तू उडव."

"मग सल्लागार म्हणून तुमचं नाव काढू? वाचनालयात हसतील."

खरं सांगतो, त्या क्षणी काढ म्हणणार होतो. पण बाईला पाण्यातून काढायचं आणि आपण काठावरून पळायचं, हे बरं दिसतं का? म्हटलं, "राहू दे."

पुस्तक निघालं. वाचनालयात, भर टेबलावर, पूल बांधण्यात आयुष्य घालवलेल्या निवृत्त इंजिनिअरांनी ते उघडलं, पहिलं पान मोठ्यानं वाचलं, मग शेवटचं माझ्यापुढे सरकवलं. "सेनापती, तीस टन घेऊन ही बाई उडते कशी?"

सगळ्यांचे चष्मे माझ्याकडे. आता यांना काय सांगू, मला फक्त शुद्धलेखन तपासायला दिलं होतं म्हणून?

मी घसा साफ केला आणि अत्यंत शुद्ध भाषेत म्हणालो, "त्या दिवशी वारा अनुकूल होता."