अडुसष्ट सालातली बदली

...आणि तुम्हाला सांगतो, मी फक्त 'उघड' म्हटलं होतं! कॉम्प्युटरचं बटण दाबलं, बस. तर मशीन म्हणतं, डिस्क तपासतोय, चार टक्के. अरे, काल तर धडधाकट होतास! बारा वाजता जिल्ह्याच्या ऑफिसची खिडकी बंद, बदलीचा अर्ज ह्याच्या पोटात आणि आज शेवटचा दिवस, सहा वर्षं मी इकडे नानच्या डोंगरातल्या शाळेत कारकून, बायको कन्निका तिकडे लांब पिचितला, घरी, आणि हा टक्के मोजतोय.

डेट नावाचा पोरगा आहे, त्याला फोन लावला. कॉम्प्युटर दुरुस्त करतो तो, कालच त्यानं मशीनच्या आतल्या घड्याळाचा सेल बदलला. म्हणतो, "दादा, आधी साल कुणी घातलं होतं?" आमच्या हेडमास्तरीण उरायबाईंनी. सेल संपल्यावर मशीननं साल विचारलं, त्यांनी घातलं अडुसष्ट. चुकलं काय? आमच्याकडे साल बुद्धापासून मोजतात, भिंतीवरच्या कॅलेंडरवर २५६८ आहे, आम्ही सगळे नुसतं अडुसष्टच लिहितो. मशीन समजलं इंग्रजी २०६८! "मी काल २०२५ केलं दादा, पण डिस्कवर नोंद आहे, शेवटची उघडली २०६८ साली. घाबरली ती." घाबरली? मी फक्त 'उघड' म्हटलं होतं!

झाली एकदाची तपासणी. म्हणतं, पुन्हा सुरू करा. केलं. चार टक्के... आता काय? डेट म्हणतो, "हां, ते मशीन तुमचं घड्याळ लंडनचं समजतंय, म्हणून आपले सात तास वर मिळवतंय. मघाशी दहाला उघडलंत ना, त्यानं लिहिलं संध्याकाळी पाच. पाच अजून वाजायचेत, दादा." म्हणजे मी कुठे आहे? नानला, लंडनला, की आज संध्याकाळी?

उरायबाई चिकट भाताचा गोळा वळत शांतपणे म्हणाल्या, "विरोत, घाल परत अडुसष्ट. तेव्हा कुठे कटकट केली त्यानं?" घातलं. उघडलं की हो! आजचे पाच वाजून आता त्रेचाळीस वर्षं झाली होती ना. अर्ज छापला, मोटरसायकल हाणली, बाराला पाच कमी असताना खिडकीवर. तिथली बाई अर्ज वाचते, माझ्याकडे बघते, परत वाचते. तारीख मशीननं आपली आपण घातलेली, २०६८ ची, वयही त्यानंच मोजलेलं. "वय नव्वद? काका, तुम्ही साठाव्या वर्षीच निवृत्त झालात. तीस वर्षं झाली त्याला. आता कसली बदली?" आणि धाडकन खिडकी बंद.

मी फक्त 'उघड' म्हटलं होतं हो...

कन्निकाला फोनवर सगळं सांगितलं. मग म्हणते, "तीस वर्षं झाली निवृत्त होऊन, आणि अजून घरी आला नाहीत?"