ब्रिटनमधले हमिंगबर्ड

अगं, आमच्या अप्पांचं पक्ष्यांचं व्याख्यान तुला सांगितलंच नाही मी. अप्पा म्हणजे माझे सासरे, इथे लंडनजवळ पिनरला आमच्याकडे आले आणि आठवड्यात कंटाळले. तिकीट बदला, मला पुण्याला जायचंय, एवढंच चालू. लायब्ररीत पत्रक दिसलं, ‘ब्रिटनमधल्या हमिंगबर्डची ओळख’. नेलं त्यांना. कोट घालून, वही उघडून पहिल्या रांगेत बसले.

वक्ते, एक म्हातारे गोरे गृहस्थ, उठून म्हणाले, “ब्रिटनमध्ये हमिंगबर्ड नाहीत. एकही प्रजाती नाही. थँक यू.” आणि बसले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. चहाला पाऊण तास होता, त्यामुळे कुणी हलेना.

अध्यक्षबाईंनी विचारलं, “एनी क्वेश्चन्स?”

अप्पांनी हात वर केला. “स्कॉटलंडमध्ये?”

वक्त्यांनी विचार केला. “तिथेही नाहीत. पण प्रश्न छान आहे.”

मग वेल्स झालं, कॉर्नवॉल झालं. चहा येईपर्यंत दोघांनी अख्खा देश संपवला. अप्पांनी सगळं लिहून घेतलं.

घरी येताना म्हणाले, “तिकीट राहू दे. पुढच्या महिन्यात मला बोलायला बोलावलंय. भारतातले हमिंगबर्ड.”

“अप्पा, भारतात कुठे आहेत हमिंगबर्ड?”

“नाहीत,” अप्पा म्हणाले. “पण मी जिल्हावार सांगणार आहे.”