गच्चीचा ठराव

...आणि वर मलाच म्हणतात, "तुमचा तर हात वर होता!" आता तुम्हीच सांगा, झोपलेल्या माणसाच्या हाताला कसलं आलंय मत? पण जाऊ दे, माझी तक्रार नाही. वरचे साहेब तसे माणूस चांगले.

आधी आमची इमारत कशी गजबजलेली असायची! तळाला शिंपीणबाईंचं मशीन खडखडायचं, मधल्या मजल्यावर मास्तर पोरांवर ओरडायचे, आणि वर्षाच्या सभेत पाण्यावरून अशी भांडणं, अशी भांडणं, की ऐकत राहावं. एका घराला एक मत, हा आमचा नियम. मग सगळ्यात वरच्या मजल्यावर हे साहेब आले. शिंपीणबाई अडचणीत आल्या, साहेबांनी त्यांचं घर घेतलं. मास्तर अडचणीत आले, त्यांचंही घेतलं. मागितल्यापेक्षा चार पैसे जास्तच दिले हो, माणूस चांगला! आता माझं एक सोडलं तर सगळी घरं त्यांची, राहतात मात्र एकात, बाकीच्यांना कुलपं. म्हणजे बघा, आमच्याकडे घरांत आता माणसं राहत नाहीत, मतं राहतात. लिफ्टसुद्धा त्यांनीच बसवली, स्वतःच्या खर्चाने. माझ्या मजल्यावर ती थांबत नाही, एवढंच.

मला दुसरं काही नको होतं. गच्ची तेवढी हवी होती. दिवसभर दुकानात लोकांच्या चष्म्यांचे बारीक स्क्रू पिळायचे, नजर अगदी नाकाशी येऊन बसते. संध्याकाळी गच्चीवर सतरंजी टाकून ढग बघत पडलं, की ती हळूहळू सुटते... लांब जाते... आणि साहेबांनी ठराव आणला, गच्चीवर त्यांची खाजगी बाग. दाराला कुलूप.

बायको म्हणाली, "अहो, सभेला निदान दोन सभासद लागतात ना? तुम्ही जाऊच नका. बघू कशी भरते सभा." काय डोकं आहे! सभेच्या वेळी मी गुपचूप लपायला गेलो. कुठे? दुसरीकडे कुठे जाणार मी... गच्चीवर.

वारा असा मऊ, ढग असे निवांत, डोळा कधी लागला कळलंच नाही. स्वप्नात सगळ्या खिडक्यांत दिवे. शिंपीणबाई, मास्तर, झाडून सगळे गच्चीवर, सतरंज्या पसरून पाण्यावरून भांडतायत. इतकं बरं वाटलं, काय सांगू, रडूच आलं मला. आणि मास्तर विचारतात, "गच्ची सगळ्यांची राहावी, कोण कोण बाजूने?" मी हात वर केला. असा, ताठ!

डोळे उघडले तर समोर साहेब, आणि त्यांचा पगारी चिटणीस. मी घरी नाही असं बायकोने सांगितलं, म्हणून सभा नाही तर नाही, बागेचं माप तरी घेऊ, असं म्हणत दोघं वर आलेले. चिटणीस माझ्या हाताकडे बघत लिहीत होता, "दोन सभासद हजर. ठराव एकमताने मंजूर."

म्हटलं, "अहो, माझा हात दुसऱ्या ठरावाला होता!"

तो म्हणाला, "दुसरा ठराव आजच्या विषयांत नाही."

साहेबांनी मात्र स्वतः माझी सतरंजी झटकली, घडी घालून हातात दिली. म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नका. तुमच्यासाठी हे दार मी उघडत जाईन."

म्हटलं ना, माणूस चांगला. वर्षातून एकदा उघडणार आहेत... सभेला दोन माणसं लागतात ना.