हेडमास्तरांच्या जॅकेटावरची पाखरं

शीला : सर, काम झालं. बाबानं फवारा मारायचं थांबवलं. पंप उलटा करून गोठ्यात टांगला. तुम्ही सांगतलं म्हणून.

देवराव : मी? मी काय सांगितलं?

शीला : काही नाही सर. काहीच झालं नाही. मी आत्ताच आली. मे आय कम इन सर?

देवराव : तू आत येऊन माझ्या टेबलाला टेकून उभी आहेस.

शीला : मंग बाहीर जाऊन परत येते.

देवराव : थांब. शीला प्रेमसिंग राठोड, दहावी ब. तुझ्या वडिलांचं वावर माझ्या अंगणाच्या कुंपणाला लागून आहे, हे मान्य. पण या हंगामात आमचं बोलणं एकदाच झालं. ते म्हणाले, तुमची कोंबडी आमच्या पऱ्हाटीत, कपाशीत आली. मी म्हटलं, बरं. यात फवारणी कुठून आली?

शीला : नाही आली. मी काही बोललीच नाही असं समजा. पयल्यापासून सांगते.

देवराव : थोडक्यात.

शीला : मागच्या साली बाबानं तोंडाले रुमाल बांधून दिवसभर अळीचं औषध फवारलं. सांजच्याले डोळ्यापुढं धुकं आलं. यवतमाळले दवाखान्यात नेलं. वाचला. धुकं काही गेलं नाही. अजूनबी माणूस आवाजावरून वळखते. यंदा बोंडअळीचं नाव निघालं तसा त्यानं पंप काढला. मी म्हणलं, शाळेतल्या नाहिद मॅडम म्हणतात, अळीची पाखरं मोजल्याबिगर फवारायचं नाही. तं म्हणे, मॅडम नवीन हाये. हेडमास्तर म्हणन तं थांबतो.

देवराव : आणि तू सांगितलंस की हेडमास्तर म्हणाले.

शीला : मी निस्ती मान हालवली होती सर. बाबाले मान दिसत नाही. मंग तोंडानं सांगा लागलं.

देवराव : हे खोटं आहे, शीला.

शीला : तोंडी स्वरूपात हाये सर. लेखी काहीच नाही.

देवराव : आणि उद्या ते मला विचारायला आले तर?

शीला : उद्या नाही येत. आत्ताच येऊन राह्यला. बाजारातून सीधा इकडंच. शंकरसिंगकाकाच्या हाताले धरून चालला, म्हणून मी सायकलनं पुढं निघाली.

देवराव : नाहिद मॅडम! अहो नाहिद मॅडम! तास सोडा आणि आधी इकडे या!

नाहिद : आले, आले. काय झालं सर? शीला, तू इथं? प्रयोगवहीत तुझी बेडकी अर्धीच राहिलीय.

देवराव : बेडकी राहू द्या. पंधरा दिवसांपूर्वी मी शाळेच्या मागचा सापळा स्वहस्ते उपटला, तेव्हा तुम्हाला स्पष्ट सूचना दिली होती. बोंडअळी हा विषय वर्गाच्या बाहेर जाता कामा नये.

नाहिद : अळीच वर्गाबाहेर राहते सर. मी काय करू?

देवराव : भगवानराव शाळा समितीवर आहेत. त्यांचं फवारणीच्या औषधांचं दुकान आहे. त्यांची तक्रार आली की पोट्टे घरी जाऊन आईबापांना सांगतात, आत्ता फवारू नका. वर शाळेच्या नावाखाली तुमची पाटी, 'कामगंध सापळा'. कोणी वरिष्ठ आले तर त्यांना काय वाटेल?

नाहिद : वरिष्ठांचाच शब्द आहे तो. कृषी खात्याचा. एक छोटी रबरी गोळी असते, तिला मादी पाखराचा वास लावलेला असतो. नर येतात आणि सापळ्यात अडकतात. आपण मोजतो. एवढंच. आणि सर, यंदा दहावीच्या पुस्तकात उत्क्रांती आलीय. माकडापासून सुरू केलं तर पोरं एकमेकांकडे बघून हसतात. अळीपासून सुरू केलं, तर कोणीच हसलं नाही.

देवराव : अळीची कसली उत्क्रांती? ती होती तशीच आहे. गुलाबी.

नाहिद : असं बघा. तुमच्या गणिताच्या पेपरात जे नापास होतात ते शाळा सोडतात. जे पास होतात, फक्त त्यांचीच लेकरं पुढं या शाळेत येतात, असं समजा. वीस वर्षांनी वर्ग कसा होईल?

देवराव : आदर्श.

नाहिद : बीटी कपाशी, झाडातच अळीचं विष असलेली, हा अळीसाठी पेपर होता. पहिली काही वर्षं सगळ्या नापास. आता हा पेपर सोप्पा जातो तिला.

शीला : मॅडम, अळी हुशार नाही झाली, असं तुम्हीच लिहून देलतं. ज्याईले पेपर जमला नाही त्या मेल्या. ज्या उरल्या त्याईचेच पोट्टे झाले.

नाहिद : बरोबर बेटा. माझंच उदाहरण घसरलं. सर, म्हणूनच बियाण्याच्या पाकिटात दुसरी छोटी पुडी देतात, बिगर-बीटीची. ती वावराच्या कडेनं लावायची. तिच्यावर साध्या अळ्या जगतात. त्यांची पाखरं या दांडग्या पाखरांशी लग्न लावतात, मग पुढची पिढी परत पेपरात नापास होते.

देवराव : लग्न हा शब्द ठीक आहे. तोच ठेवा. पण ती पुडी... ती आमच्या हिनं म्हशीला घातली. सरकी म्हणून.

शीला : आमच्या घरी ती पुडी शिलाई मशीनच्या पायाखाली हाये. मशीन हालत नाही आता. याडी लय खूश हाये. म्हणजे माय.

देवराव : मूळ मुद्दा. मॅडम, या मुलीनं माझ्या नावावर तिच्या वडिलांना फवारणी थांबवायला लावली आहे. आणि ते कोणत्याही क्षणी फाटकात येतील.

नाहिद : शीला! मोजल्याशिवाय?

शीला : सापळा सरच्या कपाटात हाये मॅडम. कपाटात पाखरं कायले येतीन?

नाहिद : तरीही चूक ती चूकच. मोजल्याशिवाय फवारा म्हणणं आणि मोजल्याशिवाय थांबा म्हणणं, दोन्ही सारखंच. अळी खरंच वाढली असली, तर तुझ्या बाबाची सगळी पऱ्हाटी जाईल. मग त्यांनी काय करायचं?

शीला : म्हणून तं मी हे आणलं.

देवराव : हा जेवणाचा डबा आहे.

शीला : आत बोंडं हायेत. आमच्या वावरातली, वीस. मॅडमनं सांगतल्यावानी चारी कोपरे अन् मधातून तोडली. कोवळी नाही, सडकी नाही. ब्लेड द्या.

देवराव : माझ्या टेबलावर नाही! त्यावर गोपनीय... बरं. खाली वर्तमानपत्र टाका.

नाहिद : मी कापते, तू बघ. हे स्वच्छ. हे पण स्वच्छ. हे... आत डाग आहे, पण अळी नाही. सर, जरा मागे व्हा, तुमची सावली पडतेय.

देवराव : मला इथून दिसत नाही.

शीला : चौदा झाली मॅडम. अजून एकबी नाही.

नाहिद : थांब. ही बघ.

देवराव : हीच का ती? एवढीशी? आणि हिच्यासाठी अख्खा जिल्हा पंप पाठीला बांधतो?

नाहिद : हिला वाईट वाटेल सर. बाकीची पण बघू... स्वच्छ, स्वच्छ. झाली. विसात एक. दोन किंवा त्याहून जास्त निघाली असती, तर मी म्हटलं असतं फवारा. एक म्हणजे अजून थांबता येतं.

शीला : मंग झालं!

नाहिद : नाही झालं. एकट्या बोंडांच्या भरवशावर मी कोणाच्या वावराचा निकाल देणार नाही. त्याच वावराजवळची पाखरांची मोजणी पण पाहिजे, ओळीनं तीन-चार दिवसांची. रोज आठच्या वर पाखरं आली तर धोका. ती मोजणी आपल्याकडे नाहीच.

देवराव : पाखरं... मॅडम, पाखरांवरून आठवलं. खाजगी आहे. शीला, तू जरा कान बंद कर.

शीला : केले.

देवराव : मी पहाटे अंगणात खुर्ची टाकून बसतो. गारवा असतो म्हणून हे जॅकेट घालतो. तर गेले काही दिवस... माझ्यावर पाखरं येऊन बसतात. करडी, बारीक. हिच्यावर बसत नाहीत, दिव्यावर बसत नाहीत, म्हशीवर बसत नाहीत. फक्त माझ्यावर. आमची ही, नलू, म्हणाली बाधा आहे. गावातल्या कांताबाईनं लिंबू उतरवलं. डॉक्टरनं जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या. परवा तर दोघं जण कुंपणाबाहेरून पाया पडून गेले. मले खरं सांगा मॅडम. तुम्ही जीवशास्त्राच्या. मले काही झालं तं नाही?

नाहिद : तुम्ही सापळा उपटला, तेव्हा त्यातली रबरी गोळी कुठं ठेवली?

देवराव : पुरावा म्हणून घेतली. पेन्सिलीच्या टोकाचं खोडरबर असावं, असं मला वाटलं. या खिशात... ही काय.

नाहिद : या अल्ला.

देवराव : काय?

नाहिद : सर, ही सगळी नर पाखरं आहेत.

देवराव : नर? मग ते माझ्याकडे कशाला येतात?

नाहिद : त्यांचा असा समज झालाय की तुम्ही मादी आहात.

देवराव : हे वाक्य या खोलीच्या बाहेर जाता कामा नये.

शीला : माहे कान बंद हायेत सर.

देवराव : सेवानिवृत्तीला एक वर्ष राहिलं आहे माझं.

नाहिद : सर, एक विचारू? तुम्ही गणिताचे. अंगावर काही येऊन बसलं, तर तुम्ही मोजल्याशिवाय राहिला नसाल.

देवराव : साहजिक आहे. या आठवड्यात सोमवारी चार. मंगळवारी पाच. बुधवारी तीन, पण त्या दिवशी लिंबू उतरवलं होतं. आज परत चार. पाठीवरची नलूनं मोजली, ती धरून.

नाहिद : चार, पाच, तीन, चार! शीला, ऐकलंस?

शीला : मी कान उघडू का?

नाहिद : उघड! सर, तुमची खुर्ची कुंपणापाशी, आणि कुंपणापलीकडे हिच्या बाबाचं वावर. आम्ही सापळा लावला असता, तर तिथंच लावला असता. तुम्ही इतके दिवस सापळाच आहात.

देवराव : म्हणजे माझं मोजणं ग्राह्य आहे?

नाहिद : अगदी पक्कं नाही. खऱ्या सापळ्यातून पाखरू सुटत नाही, तुमच्यावरून उडून जातं. म्हणून दोन-तीन वाढवून धरू. तरी आठच्या आतच राहतं. आणि बोंडांत विसात एक. दोन्ही पुरावे एकाच बाजूला झुकतात. थांबता येतं सर. रोज मोजत राहायचं, पण आज थांबता येतं.

शीला : मंग मी खोटं नाही बोलली. सरनंच सांगतलं. अंगानं सांगतलं, तोंडानं राह्यलं होतं.

देवराव : तू खोटंच बोललीस. ते फक्त नंतर खरं निघालं. या दोन गोष्टींत फरक आहे आणि तो तुला वहीत लिहून दाखवावा लागेल.

शीला : लिहिते सर. पण पयले खिडकीतून पाहा. बाबा आला.

देवराव : भगवानरावांना मी काय सांगणार?

नाहिद : सांगा, मोजलं. त्यांनी पण मोजावं. जॅकेट उसनं देऊ.

शीला : सर, बाबा फाटकाशी उभा हाये. त्याले तुम्ही दिसणार नाही. तुम्हाले बोलाच लागन.

(देवराव खिडकी उघडतात.)

देवराव : प्रेमसिंगभाऊ! ओ प्रेमसिंगभाऊ! इकडं, खिडकीतून!... हो, मीच, देवराव. वळखला नं आवाज?... हो. हो, मीच म्हणलं, थांबा म्हणून... नाही, अंदाजानं नाही. मोजून... पाखरं... कुठं म्हणजे? आपल्या कुंपणापाशी... ते कसं मोजलं ते नका विचारू, शास्त्रीय पद्धत हाये... उद्याचं उद्या पाहू. मी रोज सकाळी कुंपणावरून आकडा सांगत जाईन. आठच्या वर गेला तं मीच म्हणन, काढा पंप. पण मंग रुमालावर भागणार नाही. मास्क, चष्मा, हातमोजे, सगळं घालूनच. शाळा देईन ते... काय म्हणता?... हो, कोंबडीबी बांधून ठेवतो.

शीला : काय म्हणते बाबा?

देवराव : म्हणते, आवाज हेडमास्तरचाच हाये, पण बोलणं नवीन हाये.

नाहिद : सर, मग सापळा द्या ना कपाटातून, नवी गोळी आहे माझ्याकडे. आज संध्याकाळीच वर्गाला घेऊन जाते, त्यांच्या वावरात लावतो.

देवराव : घ्या. 'कामगंध' शब्दावर मात्र एखादा फुलांचा हार टाका. आणि हे सगळं नियमित करून घ्यावं लागेल. शीला, तुझं अक्षर बरं आहे. कागद घे. प्रति, माननीय शिक्षणाधिकारी साहेब. विषय, दहावीच्या जीवशास्त्राचा तास वावरात घेण्यास परवानगी मिळणेबाबत.

शीला : मिळणेबाबत. लिहिलं.

देवराव : दोन. शाळेकडे दुसरा सापळा उपलब्ध होईपर्यंत, खाली सही करणाऱ्या मुख्याध्यापकाची नोंद डेडस्टॉक रजिस्टरमध्ये प्रयोगशाळेचे साहित्य म्हणून घ्यावी.

नाहिद : सर, डेडस्टॉक?

देवराव : चालू स्थितीत, असं कंसात लिही. तीन. हंगाम संपेपर्यंत सदर जॅकेट धुण्यास त्याच्या पत्नीस मनाई करण्यात यावी. झालं. आण इकडे, सही करतो... हे खाली चार नंबरचं काय आहे? हे मी सांगितलं नव्हतं.

शीला : मीच टाकलं सर. जागा उरली होती.

नाहिद : वाच बेटा.

शीला : "चार. मागच्या सालची फवारणी झालीच नव्हती, असे समजण्यात यावे, ही नम्र विनंती."