चोरासाठीची पायरी

हसायचं तर हसा, पण गवंड्याला पायरीबद्दल कुणी शिकवू नये. आमच्या डॉक्टर मुलाने उत्तर आयर्लंडात आम्हां दोघांना पाचशे वर्षांचा दगडी बुरूज दाखवायला नेलं. जिन्यातली एक पायरी चार बोटं जास्त उंच. तिथली गाइडबाई काहीतरी म्हणाली. मुलाने सांगितलं, "अण्णा, शत्रू अडखळावा म्हणून मुद्दाम तशी बांधलीय."

"थापा! गवंड्याचं माप चुकलं आणि त्याने मालकाला गंडवलं."

"हळू बोला, अण्णा."

तेवढ्यात आमची ही म्हणाली, "मग आपल्या घरची तिसरी पायरी हो?"

"ती मी मुद्दाम केलीय. चोरासाठी."

"अहो, वीस वर्षं तिच्यावर मीच पडतेय. चोर एकदाही पडला नाही."