आतून उघडलेलं, बाहेरून लावलेलं कुलूप

पुरवणी जबाब. वेळ दुपारी दोन वाजून दहा मिनिटे.

मी, वय वर्षे चौपन्न, धंदा काज-बटण करून देण्याचा, राहणार माझ्याच दुकानावरच्या खोलीत. नाव आधीच्या तक्रारीत आले आहे, पण त्या नावाने मला फक्त दवाखान्यात हाक मारतात. गल्लीत मी काजवाली काकू. पोलीस ठाण्यात स्वतः हजर राहून, कोणी काही पढवलेले नसताना सांगते की,

आज दुपारी साडेबारा वाजता माझे पती, वय एकोणसाठ, धंदा कुलुपे दुरुस्तीचा, यांना बंद खोलीतून कोणीतरी पळवून नेले अशी तक्रार मी या ठाण्यात दिली. ती तक्रार खोटी नव्हती, चुकीची होती. यात फरक आहे आणि तो लिहून घ्यावा असे मी हवालदारसाहेबांना सांगितले. त्यांनी लिहून घेतला.

पतींना सगळे मिस्त्री म्हणतात, मीही तेच म्हणते. चार महिन्यांपूर्वी दुकानात किल्ली घासता घासता ते खाली बसले ते उठलेच नाहीत. मेंदूकडे जाणारी रक्ताची वाट गुठळीने अडली होती. उजवा हात लुळा पडला आणि बोलणे गेले. समजायचे सगळे, शब्द येत नसे. ज्या माणसाच्या बडबडीने माझे डोके उठायचे तो गप्प झाला, तेव्हा मला घर खायला उठले.

दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी मला समोर बसवून समजावले. मेंदूचा जेवढा भाग गेला तेवढा गेला, पण भोवतीच्या भागाला सूज येते. शरीराचे पहारेकरी, म्हणजे रक्तातल्या पेशी, तिथे साफसफाईला धावून जातात आणि चांगल्या भागालाही बडवून काढतात. या पहारेकऱ्यांना शांत करणारी गोळी दुसऱ्या आजारांत देतात. झटक्यानंतर तिचा उपयोग होतो का, याचा अभ्यास चालू आहे. "मी खात्री देत नाही. तुम्ही नाही म्हणालात तरी बाकीचे उपचार थांबणार नाहीत," असे त्या म्हणाल्या. मिस्त्रींनी डाव्या हाताने पेन ओढून घेतले आणि कोंबडी चालत गेल्यासारखी सही केली.

गोळी सुरू झाली. पहारेकरी शांत केले की साधा सर्दी-खोकलाही आत शिरून महागात पडतो. म्हणून गर्दी नको, पाहुणे नकोत, तोंडाला मास्क. मी मनाशी म्हटले, पहारेकरी झोपवले तर दार आपणच सांभाळायचे. तेव्हापासून बाहेर जाताना मी खोलीला बाहेरून कुलूप लावून किल्ली बरोबर नेत असे. असे करायला डॉक्टरबाईंनी सांगितले नव्हते. ते माझे शहाणपण. चालत्या-फिरत्या माणसाला कोंडून जाणे बरे दिसते का, असे हवालदारसाहेबांनी विचारले. बरे दिसत नाही. पण मला भीती वाटायची, खूप भीती वाटायची, आणि कुलूप लावले की थोडी कमी वाटायची.

पाय लवकर सुधारले. हात सुधारेना. सकाळ-संध्याकाळ मी तो मांडीवर घेऊन चोळायची आणि तो परक्याच्या हातासारखा पडून राहायचा. येत्या गुरुवारी तपासणी आहे. तोपर्यंत बोटे हलली नाहीत तर सुई-तार धरण्याइतकी पकड येणे अवघड, असे डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या. मिस्त्री हत्यारांकडे बघून डोळे पुसायचे, म्हणून ती मी पिशवीत भरून माळ्यावर टाकली.

काल संध्याकाळी या ठाण्यातल्या महिला शिपाई आमच्या दारात आल्या. ठाण्याच्या नोंदवह्यांच्या कपाटात किल्ली मोडून बसली होती, अकरा दिवस कपाट बंद होते, मिस्त्री येतील का? मी दारातूनच सांगितले, "अहो, हातच चालत नाही त्यांचा. आता दुसरा कोणीतरी बघा." मी मोठ्याने बोलते. मिस्त्री कॉटवर भिंतीकडे तोंड करून पडले होते. रात्री जेवले नाहीत. मला वाटले, पोट बिघडले असेल.

आज सकाळी दहा चाळीसला मी त्यांच्या रक्ताच्या तपासणीचा कागद आणायला गेले. जाताना कुलूप लावले. बारा वाजून पाच मिनिटांनी परत आले. कुलूप लावल्याप्रमाणे लागलेले होते. किल्लीने उघडले. आत कोणी नाही. चादर घडी करून ठेवलेली, चपला नाहीत, खिडकीचे गज जागच्या जागी. माझ्या टोपलीतली क्रोशाची सुई नव्हती आणि छत्रीची एक काडी उपटलेली होती. मी तशीच धावत ठाण्यात आले.

ते कुलूप साधे नाही. दारातच बसवलेले, दोन्ही बाजूंनी किल्ली लागणारे, मिस्त्रींनी स्वतः घडवलेले. "माझ्याशिवाय हे कुणाच्या बापाला उघडायचं नाही," हे मी वीस वर्षे ऐकत आले आहे. म्हणून हे मोठ्या टोळीचे काम आहे असे मी सांगितले. चोरीस गेलेला माल: नवरा एक, क्रोशाची सुई एक, छत्रीची काडी एक.

हवालदारसाहेबांनी विचारले, "हे कुलूप किल्लीशिवाय कोण उघडू शकतं?"

मी म्हटले, "जगात एकच माणूस. आणि तोच चोरीला गेलाय!"

त्यांनी लिहायचे थांबून माझ्याकडे पाहिले. मीही त्यांच्याकडे पाहिले. तरी माझ्या डोक्यात काही शिरले नाही. हात लुळा, आणि दार तर पुन्हा बंद. पळून जाणारा माणूस मागे वळून कुलूप लावत बसतो का?

तेवढ्यात ठाण्याच्या मागच्या खोलीतून आवाज आला. टक, टक, टक. कुठल्याही कुलपाला हात घालण्याआधी मिस्त्री त्याच्यावर बोटाने तीनदा वाजवतात. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मी विचारले होते, हे कशाला? तर म्हणाले होते, "झोपेतून एकदम कुणाला उठवू नये." मी खुर्ची पाडून आत धावले.

मिस्त्री कपाटापुढे जमिनीवर बसले होते. तोंडाला मास्क, तोही उलटा. महिला शिपाई बॅटरी धरून उभ्या होत्या. आणि माझी क्रोशाची सुई मिस्त्रींच्या उजव्या हातात होती. अंगठा आणि पहिले बोट. थरथरत होती, पण धरलेली होती. डाव्या हाताने त्यांनी मनगट सावरले होते, छत्रीची काडी कुलपात खोचलेली होती. मी त्यांना चांगले तासायचे ठरवून धावले होते, ते सगळे विसरले. चौकटीला धरून नुसती बघत राहिले. मला फार आनंद झाला.

मग खट्ट झाले. कपाट उघडले, आतल्या वह्या धडाधड खाली आल्या. मिस्त्रींनी मान वर करून महिला शिपायांकडे रागाने पाहिले आणि म्हणाले, "तेल... घाला."

चार महिन्यांतले पहिले शब्द. माझ्यासाठी नाहीत, पोलिसांना झापायला! मी हसले आणि रडले. रडल्याचे लिहू का, असे हवालदारसाहेबांनी विचारले. लिहा म्हटले. त्यांनी स्वतः टाळ्या वाजवल्या तेही लिहा म्हटले. ते नको म्हणाले, पण मी इथे सांगते आहे.

मिस्त्री साडेअकराला मागच्या फाटकाने आले आणि कपाटाकडे बोट दाखवून आत शिरले, असे महिला शिपायांनी सांगितले. खिडक्या उघडून त्यांना एकटे बसवले होते, शिंकणाऱ्या जमादारांना बाहेर काढले होते. बारा वाजता पुढच्या टेबलावरची पाळी बदलली, त्यामुळे हवालदारसाहेबांना पत्ता नव्हता. एकाच छताखाली माझा नवरा हरवलेला आणि सापडलेला होता. यात ठाण्याची चूक आहे असे मी म्हणत नाही. हवालदारसाहेबांनी हे वाक्य दोनदा वाचून घेतले.

डॉक्टरबाईंना इथूनच फोन केला. त्या आधी रागावल्या. ताप आला तर त्याच क्षणी आणायचे, असे बजावले. मग बोटांचे विचारले. मी सगळे सांगितले. हे गोळीमुळे झाले का, असे मी विचारले. त्या म्हणाल्या, "एका माणसावरून ते सांगता येत नाही, काकू. पण सुई धरली ना? मग मी आत्ताच वहीत लिहिते." लिहिता लिहिता हसत होत्या, ते फोनवरही कळत होते.

खोलीला कुलूप परत का लावलेत, असे मी मिस्त्रींना विचारले. त्यांनी खांदे उडवले. उत्तर मला माहीत आहे. तीस वर्षांत त्यांनी उघडलेले एकही कुलूप पुन्हा लावून बघितल्याशिवाय सोडलेले नाही. नुसते उघडले म्हणजे अर्धे काम, असे ते म्हणायचे. म्हणजे आज ते कुलूप त्या हाताने एकदा आतून उघडले आणि एकदा बाहेरून लावले. एकदा झाले असते तर मी नशीब म्हटले असते. दोनदा झाले आहे.

तरी माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. संशय आहे तो फक्त माझ्या नवऱ्यावर. नवरा आणि सुई परत मिळाली, सुई वाकली आहे. छत्रीची काडी ठाण्याने ठेवून घ्यावी. खोलीची किल्ली मी आत्ता मिस्त्रींच्या उजव्या हातात दिली. त्यांनी ती पडू दिली नाही.

हवालदारसाहेबांनी हा जबाब मोठ्याने वाचला. मी ऐकला, मिस्त्रींनी ऐकला, महिला शिपाई दोनदा हसल्या. सांगितले तसेच लिहिले आहे. खाली माझी सही. तिच्याशेजारी मिस्त्रींनी हट्टाने केलेली सही आहे. ती ओळी सोडून खाली घसरली आहे आणि वाचता येत नाही, पण ती उजव्या हाताची आहे.